सहीखालचा नऊ

बँकेच्या वकिलानं माझ्या सहीचा कर्जाचा कागद वर धरला आणि कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्या चार-पाच वकिलांना दाखवला. "ये देखो, सही के नीचे नौ लिखा है. नौ क्या? नौवीं फेल?"

सगळे हसले. मीसुद्धा हसले. मोठा माणूस हसला की आपण दात दाखवायचे, ही लाचार सवय. आज आठवलं तरी स्वतःचीच चीड येते. नववी कुठली, सातवीतच माझी शाळा सुटली होती.

एकटी हसली नाही ती कोर्टातल्या मोफत कायदा-मदतीच्या खोलीतली वकीलबाई. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ताई, आता कोर्टाचा दुसरा कागद येईल. तो आला की सरळ माझ्याकडे आणा. उत्तर द्यायला दहाच दिवस मिळतात."

मी सुरतच्या पांडेसऱ्यात एका खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, बॉबिनवर धागा भरायचे. चौदा वर्षं, रोज बारा तास. खात्यात माझ्याच नावाच्या तिघी होत्या. म्हणून पगाराच्या सहीखाली मशीनचा नंबर लिहायचा, असा हिशेब ठेवणाऱ्या मेहताजींचा नियम. माझं मशीन नऊ. लिहून लिहून असं झालं होतं की पगाराच्या टेबलावर पेन हातात आलं की नावाखाली नऊ उमटायचाच.

एका पगाराला त्याच टेबलावर शेठनं कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला. म्हणाला, पगार आता बँकेत जमा होणार, सह्या कर. कागद इंग्रजी आणि मागे बायांची रांग. केल्या सह्या. कोऱ्या चेकांवरही केल्या आणि चेकबुक त्याच्याच ड्रॉवरमध्ये राहिलं. माझ्या नावावर चार लाखांचं कर्ज निघालं, त्यातून त्याची मशीनं आली. त्यानं हप्ते थांबवले आणि बँकेनं दावा माझ्यावर लावला. नवागामची आमची एक खोली, ती जायची वेळ आली. तरी पहिल्या तारखेला कोर्टात मी शेठच्याच सांगण्यावरून गेले होते. "नुसती हजेरी लाव. बोलू नको," म्हणाला होता.

कोर्टाचा दुसरा कागद घरी आला. आणि मी काय केलं? नेहमीसारखा नेऊन शेठला दिला. आमच्याकडे असंच चालतं. लाइटबिल असो, शाळेचं पत्र असो, सरकारी कागद आला की कारखान्यात नेऊन द्यायचा, शेठ बघेल. शेठनं तो ड्रॉवरमध्ये टाकला. "जा, काम कर."

सहा दिवस मी बॉबिन भरत राहिले. वकीलबाईचे दहा दिवस डोक्यात ठोके देत होते. नवरा घरच्या अहिराणीत म्हणाला, "शेठनं नाव लेऊ नको. काम जाई." सातव्या दिवशी मी मशीन बंद केलं आणि ऑफिसात गेले.

"माझा कागद द्या."

शेठनं वर पाहिलंसुद्धा नाही. "तुम जयभीमवालों को कायदा बहुत आता है."

"कागद माझ्या नावाचा आहे. द्या."

त्यानं तो माझ्या पायाशी फेकला. खाली वाकून उचलला मी. उद्यापासून येऊ नको म्हणाला, तेही ऐकून घेतलं.

वकीलबाईनं सांगितलं, या दाव्यात बाजू मांडायची तर आधी कोर्टाची परवानगी लागते. सांगण्यासारखं खरंच काही आहे, हे दाखवावं लागतं. माझं डोकंच फिरलं. खोली माझी जाणार, आणि तोंड उघडायला परवानगीही मीच मागायची? ज्यानं पैसे खाल्ले त्याला कुणी काही विचारतंय का?

मग तिनं बँकेच्या कागदांच्या झेरॉक्स उलगडल्या. तेरा सह्या. "ताई, हा प्रत्येक सहीखाली नऊ कसला?"

मी सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं. बँकेनं लिहून दिलं होतं की बाईनं शाखेत येऊन, मॅनेजरसमोर सह्या केल्या. शाखेत नऊ नंबरचं मशीन कुठून आलं?

तिनं प्रतिज्ञापत्र लिहिलं. सही करताना हात सवयीनं खाली सरकला. मी आवरला. नुसतं नाव लिहिलं. दहाव्या दिवशी अर्ज दाखल झाला.

सुनावणी संपल्यावर तोच व्हरांडा, तोच वकील. आवाज मात्र मऊ. "बेन, अर्धे भर दो. खतम करते हैं."

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही विचारलं होतं ना, नऊ काय? माझं मशीन. तेरा वेळा लिहिलंय. आता शेठचं पगाराचं रजिस्टर कोर्टात आणायला लावणार आहे मी, त्यातही तेच सापडेल."

या वेळी कुणी हसलं नाही.

हुकूम अजून व्हायचा आहे. परवानगी मिळाली तर बोलेन. नाही मिळाली तर वरच्या कोर्टात जाऊन मागेन. अर्धे काय, एक रुपया भरणार नाही. आणि घरी येणारा कोणताही कागद आता आधी मी वाचून घेणार, मग सही.