चुकल्याचा चहा

आमच्या केजात माणूस एकवेळ रान विकील, भावकी सोडील, पण 'माझं चुकलं' म्हणणार नाही. अप्पा मात्र म्हणायचे. ते सुद्धा पुटपुटत नाही, तर आपल्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून, रस्त्यापलीकडच्या केळीवाल्याला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात. मग शेजारच्या हॉटेलातून किटली यायची आणि पायरीवर असेल नसेल त्या सगळ्यांना चहा मिळायचा. चुकलेल्यानं सगळ्यात शेवटी प्यायचा, हा नियम. त्या चहाला त्या ओळीतले दुकानदार 'चुकल्याचा चहा' म्हणत, आणि तो प्यायला मिळावा म्हणून अप्पांची चूक निघायची वाट बघत.

चूक कसली, तर मोबाइल, कॉम्प्युटर आणि त्या धंद्यातल्या मोठ्या कंपन्यांबद्दलच्या मतांची. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, दोरीनं बांधलेला चष्मा, समोर भांड्यांवर नावं घालायचं विजेचं मशीन. अशा माणसानं तांब्या-पातेल्यांची काळजी करावी. पण अप्पांना कुठल्या कंपनीनं काय काढलं आणि कुणी कुणाला गिळलं हे सगळं माहीत असायचं आणि त्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं मत असायचं. त्या मताला ते निकाल म्हणत. म्हणून सगळं गाव त्यांना माघारी 'निकाल अप्पा' म्हणायचं, आणि त्यांना ते ठाऊक होतं, आवडायचंही.

निकाल मात्र बातमी आली त्या दिवशी मिळायचा नाही. मध्ये एक आठवडी बाजार जावा लागायचा. "ताजी बातमी आन ताजं लोनचं, दोनी पोट बिघडवतंय," असं त्यांचं म्हणणं. "एक बाजार मुरू द्यावी. पुढच्या बाजारी अजून खावी वाटली, तर खरी." बाजाराच्या दिवशी वडवणीकडचे, धारूरकडचे लोक लग्नाची भांडी घ्यायला यायचे. त्यांना पातेलं दाखवता दाखवता अप्पा मागच्या आठवड्यातल्या बातमीचा निकाल लावायचे. लोकांनी बातमीच ऐकलेली नसायची, पण निकाल ऐकून खूश व्हायचे.

फोनच्या खोक्यात चार्जर द्यायचं बंद झालं तेव्हा अप्पा म्हणाले, "म्हंजे कुकर घ्या, शिट्टी येगळी." घडी घालायचा फोन निघाला तेव्हा त्यांनी पानाचा डबा उघडून मिटून दाखवला. "मिटायची वस्तू आधी बिजागरीत जाते. जल्म गेला डबे इकण्यात, आमाला नका सांगू." ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या गाडीबद्दल म्हणाले, "मांजरसुंब्याच्या घाटात आना. म्होरं उसाची ट्रॉली, तिला मागं लाइट न्हाई, मधी म्हैस. गाडीच म्हनंल, मी उतरते, तूच चालव." एका आठवड्यात एका बड्या साहेबानं माणसांनी रात्रंदिवस काम करावं असं सांगितलं आणि दुसऱ्यानं सांगितलं की आता माणसाला कामच उरणार नाही. अप्पांनी दोन्ही बातम्या एकत्र मुरवल्या. "दोगांनी आधी एका खोलीत बसावं, काय ते ठरवावं, मंग आमाला कळवावं."

चुकायचेही तितक्याच थाटात. पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबा दुकानादुकानात यायला लागला तेव्हा त्यांनी निकाल दिला की हे टिकणार नाही. "यापाऱ्यानं पैसा आल्याची बोंब मारायची असती का? भाऊबंद ऐकत्यात की." पण केळीवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांकडे डबा बोलायला लागला. मग एका बाजारी अप्पांनी स्वतःच्या गल्ल्यावरही तो ठेवला, पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "माझं चुकलं. प्या."

आता माझं सांगते. माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणतो, गाव त्यांना टायपिंगवाले सर म्हणतं. एके काळी स्टँडच्या मागं त्यांची टायपिंगची संस्था होती. सकाळपासून टाइपरायटरची खडखड चालायची. कॉम्प्युटर आला तेव्हा अप्पांनी बातमी मुरवून निकाल दिला होता, "सर, खडखड संपली." दादा त्या वेळी हसले होते म्हणे. वर्षा-दोन वर्षांत मशीनं भंगारात गेली आणि दादा जुना कॉम्प्युटर घेऊन तहसीलसमोरच्या पत्र्याच्या शेडात लोकांचे अर्ज टाइप करून द्यायला बसले. तेव्हापासून अप्पांचा शब्द म्हणजे दादांना काळ्या दगडावरची रेघ.

मी बीएस्सी झाले आणि एमसीएची प्रवेश परीक्षा पास झाले. संभाजीनगरच्या चांगल्या कॉलेजात नंबर लागला. दादा तयार होत आले होते, आणि तेवढ्यात ते एआय आलं. प्रोग्राम स्वतःच लिहिणारं मशीन, आता कॉम्प्युटर शिकलेल्यांचं काही खरं नाही, अशा बातम्या फोनवर नुसत्या धो धो. अप्पांच्या दुकानात त्या दिवशी गर्दी होती, कुणीतरी तसाच एक व्हिडिओ त्यांच्या तोंडापुढं धरला आणि म्हटलं, अप्पा, आत्ताच सांगा. आणि जन्मात न केलेली गोष्ट अप्पांनी त्या दिवशी केली. बातमी न मुरवता निकाल दिला. "गेलं. कॉम्प्युटर शिकणं म्हंजे आता कल्हई करायचं शिकणं." पितळेच्या भांड्यांना आतून कथलाचा मुलामा देणारा कल्हईवाला पूर्वी त्यांच्याच दारात बसायचा. आता तो शोधूनही सापडत नाही.

दादा शेडातून घरी आले, चप्पल काढायच्या आधी म्हणाले, "बीएड कर. अप्पांनी निकाल दिलाय." मी रडले, भांडले, जेवले नाही. दादांचं एकच, "एकदा मशीननं आपला घास काढलाय. पुन्हा पोरीचं ताट त्याच्यापुढं का म्हणून ठेवू?" माणूस हट्टी असता तर आणखी भांडता आलं असतं. ते घाबरले होते. आई मला आत घेऊन गेली आणि म्हणाली, "यांच्याशी डोकं लावू नको. ज्यानं गाठ मारली त्याच्याकडं जा."

बाजाराच्या दिवशी मी भर गर्दीत दुकानात गेले. अप्पा एका हंड्यावर नाव घालत होते. मशीनच्या घर्रघर्रीत मी ओरडून विचारलं, "अप्पा, बातमी मुरवली होती का?"

त्यांनी मशीन बंद केलं. "कंची गं?"

"माझं शिक्षण कल्हईत काढलंत ती. आली त्याच दिवशी निकाल दिलात तुम्ही. दादांनी बीएडचा फॉर्म आणलाय."

गिऱ्हाईकं माझ्याकडं बघायला लागली. मला वाटलं, अप्पा आता चेष्टेवर नेतील. पण त्यांचा चेहरा उतरला. चष्मा काढून सदऱ्याला पुसत ते म्हणाले, "सरांनी मनावर घेतलं व्हय? मंग एक बाजार थांब, पोरी."

"पुढच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ॲडमिशनची शेवटची तारीख आहे."

"मंग हाय की वेळ," म्हणाले. मला असा राग आला की समोरचं पातेलं उचलून आपटावं वाटलं.

तो आठवडा मी विसरणार नाही. रोज दुपारी अप्पा मला बोलावून घ्यायचे, फोनवर ते एआय उघडायला लावायचे आणि त्याच्याशी बोलत बसायचे. केजचा बाजार कोणत्या वारी असतो विचारलं. त्यानं ठामपणे भलताच वार सांगितला. अप्पा म्हणाले, चूक. त्यानं लगेच माफी मागितली आणि दुसरा चुकीचा वार तितक्याच ठामपणे सांगितला. अप्पांना हे फार रंजक वाटलं. पुन्हा पुन्हा चुका काढायचे आणि त्याची माफी ऐकायचे. शेवटी फोन खाली ठेवून म्हणाले, "लई गोड बोलतंय. माफी तर मागायच्या आधी मागतंय. पर चहा कोन पाजनार?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हंजे चुकल्यावर भरून कोन देतंय? त्याला ना पायरी, ना वळखीचं मानूस. कुनीतरी चुकलं का न्हाई बघनारं पायजे का न्हाई?"

मी म्हटलं, पाहिजे. तेच शिकायला चाललेय मी. अप्पा पुन्हा मशीन सुरू करताना गुणगुणायला लागले.

पुढच्या बाजारी त्यांनी दादांना तहसीलसमोरून बोलावून घेतलं. दादा पोचायच्या आतच किटली आली होती. लोक विचारात पडले, कारण अजून काहीच खोटं ठरलं नव्हतं. अप्पा पायरीवर उभे राहिले. "माझं चुकलं. निकाल बरोबर का चूक ते पुढं कळंल. मी तो मुरवला न्हाई, ही चूक. प्या."

दादांनी कप हातात घेतला नाही. "अप्पा, तुमचं एका चहावर भागतं. माझ्या पोरीच्या आयुष्याचा चहा होत नसतो."

दादा कुणाला असं बोलतील हे मला खरंच वाटलं नव्हतं, आणि अप्पांनाही लागलं ते दिसत होतं. ते खाली बसले, नाव घालायचं मशीन मांडीवर घेतलं. "सर, हे आलं तवा मी म्हनलो, आता हातानं नाव घालनाऱ्याचं संपलं. त्या टायमाला लोक निसतं हंड्यावर नाव घालायचे. मशीन आल्यावर वाटीवर, चमच्यावर, झाऱ्यावर, सगळ्यावर घालायलेत. माझं काम वाढलं, कमी न्हाई झालं. आन तुमाला म्हनलो खडखड संपली. संपली का न्हाई?"

"संपली."

"मंग तुमी तहसीलसमोर काय करताव?"

"अर्ज टाइप करतो."

"बोटं कुनाची? टाइपरायटरची का तुमची?"

दादांनी आपल्या हातांकडं बघितलं. मीही बघितलं. लहानपणापासून बघत आले होते ते हात, जेवतानासुद्धा ताटाच्या कडेवर टाइप करणारे. दादांनी कप उचलला. अप्पा तेवढ्यावर थांबणारे थोडेच. लगेच म्हणाले, "पोरीला नोकरी न्हाई लागली तर दर बाजाराला चहा माझा. लागली तर एकदाच, तुमचा. पर पायरीवर उभं राहून म्हनायचं."

"म्हणेन," दादा म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते मला घेऊन संभाजीनगरला निघाले.

शिकत असताना दर बाजाराच्या दिवशी अप्पांचा फोन यायचा. अमुक कंपनीनं माणसं काढली, तमुक मशीन आता डॉक्टरकी करतंय, अशा बातम्यांनी आमच्या होस्टेलातल्या पोरी धास्तावायच्या आणि अभ्यास टाकून बसायच्या. मी त्यांना अप्पांचा निकाल ऐकवायचे. पुढं पुढं त्याच विचारायच्या, बाजार झाला का गं तुमचा? शेवटच्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीनं मुलाखतीत मशीननं लिहिलेला प्रोग्राम पुढं ठेवला आणि सांगितलं, यात काय चुकलंय ते शोध. मला अप्पा आणि त्यांचा तो बाजाराचा वार आठवला आणि हसू आलं. शोधलं. आता तेच माझं काम आहे. मशीन लिहितं, मी तपासते आणि त्यात काही चुकलं तर पायरीवर मला उभं राहावं लागतं.

अप्पा यंदाच्या उन्हाळ्यात गेले. दुकान सून बघते, मशीनही तीच चालवते, आणि तिचं अक्षर अप्पांपेक्षा चांगलं आहे. बातम्या रोज येतात, रोज जग बुडतं. मी एक बाजार थांबते. वाईट याचंच वाटतं की बाजाराच्या दिवशी आता फोन येत नाही.

पण अप्पा जायच्या आधीची दिवाळी आम्ही जिंकलो होतो. मी नोकरीला लागून पहिल्यांदा घरी आले होते आणि नेमका बाजार होता. दादा इस्त्रीचा शर्ट घालून दुकानाकडं निघाले. अप्पा थकले होते, खुर्चीत बसून होते. दादा पायरीवर चढले, घसा साफ केला आणि आपल्या चपलांना सांगावं तसं म्हणाले, "माझं चुकलं."

"सर," अप्पा खुर्चीतून म्हणाले, "केळीवाल्याला ऐकू गेलं पायजे."

दादांनी मान वर केली. "माझं चुकलं. पोरगी बरोबर होती. प्या." असा आवाज त्यांनी संस्थेत पोरांना मजकूर सांगतानाच काढला असेल. केळीवाल्यानं तिकडून हात वर केला. भाजीची पिशवी घेऊन उभी असलेली आई म्हणाली, "आता घरी पण एकदा म्हणा," आणि सगळी पायरी हसली.

त्या दिवशी सगळी ओळच चहाला आली. नियमाप्रमाणे दादा शेवटी राहिले, आणि त्यांच्यापर्यंत येईतो किटली रिकामी झाली. पोऱ्याला पुन्हा पाठवतो म्हणेपर्यंत अप्पांनी आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी दादांच्या हातात दिली. टायपिंगवाल्या सरांनी ती दोन्ही हातांनी धरली. थोडी सांडली. दोघं शेजारी बसून प्यायले, आणि मी तिथं उभ्या उभ्या रडत होते, त्याची कुणालाच लाज वाटली नाही.

कप खाली ठेवून अप्पांनी माझ्याकडं बघितलं. "बरं पोरी, कॉम्प्युटरची नवी बातमी काय हाय?"

मी सांगितली. त्यांनी डोळे मिटून सगळी ऐकली. दादांना राहवलं नाही, त्यांनी विचारलं, "काय निकाल, अप्पा?"

"पुढच्या बाजारी," अप्पा म्हणाले.