साबण न लावलेला पत्रा

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चहा सांगायच्या निमित्ताने उठून जाणारा माणूस मी. आजही तसाच आहे... तरी हे लिहितोय, कारण डोक्यातून जात नाही.

गोंदियात आमगाव रोडवर आमचं पत्र्याचं वर्कशॉप. थोरला भाऊ, दादा, पूर्वी धान साठवायच्या पत्र्याच्या कोठ्या बनवायचा. त्याच कामात उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट कातरीत सापडून अर्धं गेलं. पण हात सोन्याचा! २०११ साली नागपूरच्या एका हौशी डॉक्टरांनी त्याला जुन्या ब्रिटिश रेसिंग कारचे फोटो दाखवले — हुबेहूब तशीच बॉडी हवी, सगळी हाताने ठोकून. दादाने खरी गाडी जन्मात पाहिली नव्हती. त्याने फोटोंवरून लाकडी सांगाडा केला आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा एकेक पत्रा बसवत गेला. कोठीवाला रेसिंग कार बनवतोय म्हणून बाजारात भरपूर चेष्टा झाली.

पत्रा वळवण्याआधी तापवून नरम करावा लागतो. अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं लाल होत नाही, एकदम वितळतं. म्हणून आधी त्यावर कपड्याचा साबण घासायचा आणि गॅसच्या ज्योतीखाली तो काळा पडला की थांबायचं. एकदा घाईत मी साबणच विसरलो. पुढच्या मडगार्डच्या पत्र्याला हे एवढं भोक!

"साबण काऊन नाही लावला? कितीदा सांगून राहिलो तुले!" दादा सगळ्यांसमोर ओरडला.

"मग तूच कर सगळं," म्हणून मी निघून गेलो. आठ दिवस तिकडे फिरकलो नाही. नवव्या दिवशी दादा वर्कशॉपमध्येच छातीत कळ येऊन गेला. आमचं शेवटचं बोलणं ते... याची लाज मला अजून वाटते.

तेरवीनंतर वहिनी दादाच्या फोटोकडे बघत म्हणाली, "भाऊजी, गाडी पुरी करा. यायचं काम अर्धं नोका ठेवू."

राहिलं होतं फक्त ते मडगार्ड. नागपूरहून नवा पत्रा आला. त्यावरचा कागद मीच सोडवला, पत्रा मीच पुसला. सकाळचे अकरा वाजले असतील. डोळे सारखे भरून येत होते. तशीच ज्योत लावली. साबण लावलाच नाही, हे ध्यानातही नव्हतं.

पत्र्याच्या मधोमध तपकिरी डाग उमटायला लागला. आधी तळवा, मग बोटं. उजवा हात — अंगठ्याजवळचं बोट अर्धंच. बघता बघता तो काळा पडला आणि मी झटक्यात ज्योत बंद केली.

वहिनी चहा घेऊन आली होती. तिने वाकून पत्र्याकडे पाहिलं.

"यायचाच हात आहे न हा?"

मी गॅसची नळी खाली ठेवली.

ठोकण्याआधी पत्रा धुवावाच लागतो. वहिनीनेच पाणी आणलं. तो पंजा मी माझ्या हाताने धुतला. फेस आला, साबणाचा वास आला. पत्रा अगदी हवा तेवढाच नरम झाला होता.

गाडी नागपूरला गेली. कुणी म्हणेल, दादाचा हात आधीच लागला असेल. पण पत्राच तो गेल्यावर आला! मग तो हात कुणाचा?

त्यानंतर दोनदा, वर्कशॉपमध्ये कुणी नसताना, मुद्दाम साबण न लावता पत्रा तापवला. ओरड दादा, म्हटलं, सगळ्या बाजारासमोर ओरड.

दोन्ही वेळा भोक पडलं.