दिवसा कुकर वाजू द्या

दिंडोरी मागे पडली तशी सुवर्णाताईंची चाल मंदावली. दोन्ही बाजूंना द्राक्षबागांची छाटणी चालू होती आणि वणीच्या गडाकडे निघालेल्या बायका मागून येऊन पुढे जात होत्या.

"ताई, नवस तुम्ही बोलल्या, तवा थकायचंही तुम्हालाच हाय," भागीबाई म्हणाल्या. "मी दर नवरात्रात येते. मला सवय झाली."

"बोलताना गुडघ्यांना विचारलं नव्हतं हो."

भागीबाई हसल्या. पंचवटीत तीस वर्षं त्या बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालत होत्या. सव्वा महिना पुरा होण्याआधी एकाही घरानं त्यांना काढलं नव्हतं. यंदा आषाढात ती पाळी आली, आणि ती आणणारी बाई आज त्यांच्याच शेजारी लंगडत चालली होती.

सुवर्णाताईंची लेक वैष्णवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. झालेली मुलगी गुटगुटीत, पिण्याला चांगली. पण दिवसभर झोपायची आणि दिवेलागणीला डोळे उघडायची ते पहाटेपर्यंत. तीन आठवडे उलटले तशी वैष्णवी तिला पाजता पाजताच डुलक्या घ्यायला लागली. एका सकाळी सुवर्णाताईंनी भागीबाईंना दारातच गाठलं.

"तुमच्या आंघोळीनं ती दिवसभर झोपते आणि रात्री आम्हाला जागवते. उद्यापासून येऊ नका."

भागीबाईंच्या मनात आलं, एका घरानं असं म्हटलं की गल्लीभर होणार; मग कोण देणार या हातात लेकरू? पण नजर सवयीनं घरात फिरली. दाराच्या घंटीला रुमाल गुंडाळलेला. सकाळचे नऊ वाजले तरी पडदे ओढलेले. सगळे चवड्यांवर चाललेले.

"आज कुकर नाय लावला?"

"शेजारी लावते. शिट्टीनं बाळ दचकतं."

"आन रात्री?"

"सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीत दिवा विझवायचा नाही ना. म्हणून दोन्ही ट्यूब चालू. जागायचंच आहे तर टीव्हीही लावतो."

"मग लेकरानं बरोबरच धरलंय," भागीबाई म्हणाल्या. "जवा उजेड, जवा माणसं बोलतात, तो त्याचा दिवस. सव्वा महिन्याला पंधरा दिवस उरलेत. तेवढं घर माझ्या म्हणण्यानं चालवा. नाय जमलं तर माझी मीच येणार नाय."

वैष्णवी आतून म्हणाली, "आई, करू दे त्यांना."

त्याच दिवशी पडदे उघडले. पावसाळी दिवस, ऊन नव्हतं. भागीबाई म्हणाल्या, उजेड पुरे. कुकर परत आपल्या ओट्यावर आला. पिऊन झालं की बाळाशी थोडं बोलायचं, देवाचं म्हणायचं, मग झोपली तर झोपू द्यायचं. रात्री समई देवघरात तेवत ठेवायची आणि खोलीत फक्त झिरोचा बल्ब. पाजायचं, कोरडं करायचं, उताणं निजवायचं, बोलायचं नाही. हे शेवटचं सुवर्णाताईंना सगळ्यात जड गेलं. नात जरा चुळबुळली की त्यांच्या तोंडून "कोण उठलं गं" निघायचंच.

आठ दिवस काही फरक नाही. "जमत नाही हो तुमचं," सुवर्णाताई म्हणाल्या, आणि नात रात्रीची झोपायला लागली तर नवरात्रात गडावर पायी येईन असा देवीला नवस बोलल्या.

"लेकरू हाय, बटण नाय," भागीबाई म्हणाल्या खऱ्या, पण घरी जाऊन देवीपुढे बराच वेळ बसल्या.

बाराव्या रात्री बाळ दहाला झोपलं ते दोनला उठलं, प्यायलं आणि पुन्हा झोपलं. पुढच्या रात्रीही तसंच. सव्वा महिन्याच्या सकाळी भागीबाई सातला दारात उभ्या. घंटीवरचा रुमाल गेला होता. त्यांनी घंटी वाजवली. कोणी आलं नाही. दुसऱ्यांदा वाजवली. तिसऱ्यांदा वाजवल्यावर वैष्णवीनं दार उघडलं. गालावर उशीचा वळ.

"भागीमावशी, आम्ही सगळेच झोपलो होतो."

दारात ताटकळायला भागीबाईंना तीस वर्षांत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

...गड आता समोर दिसत होता. एका मांडवात दोघी चहाला टेकल्या. भागीबाईंनी सुवर्णाताईंच्या पायाला तेल चोळता चोळता विषय काढला.

"ताई, तुमचं अक्षर चांगलं हाय. भजनी मंडळाचं तुम्हीच लिहिता. हे सगळं एकदा लिहून द्या ना, मोठ्या अक्षरात. नव्या घरी गेले की पहिल्या दिवशी दारातच देईन."

"देते. काय काय लिहू?"

"पयलं, कुकर आपल्याच घरी लावा. आन तुम्ही मला काढलं होतं, तेही लिहा. ते गाळू नका."