मुदत संपलेली हजेरी

ही घटना मी अजून विसरू शकलेलो नाही. आठवली की आजही थक्क व्हायला होते.

दहशतवादाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून सुटलेला एक इसम पुण्याजवळच्या मांजरी गावात राहायचा. एका ठेकेदाराकडे वेल्डिंगची कामे करायचा आणि दर सोमवारी आमच्या पोलीस ठाण्यात हजेरीची सही करून जायचा. असली माणसे सुधारत नाहीत, असे माझे तेव्हा ठाम मत होते.

एका मंगळवारी आमच्या खबऱ्याने बातमी दिली, की याचा एक जुना साथीदार त्याला दोनदा भेटून गेला. मी तडक पथक पाठवले. कोथरूडच्या एका सोसायटीत तो खिडक्यांना जाळ्या बसवत होता. साऱ्या रहिवाशांदेखत आम्ही त्याला गाडीत घातले.

चौकशीला मी स्वतः बसलो. "कोण आलं होतं?" मी दरडावले.

त्याने सरळ नाव सांगितले. "पुन्हा आमच्यात ये म्हणाला, साहेब. मी हाकलून दिलं."

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?"

"काल सांगायलाच लागलो होतो. अंमलदार म्हणाले, अहो, सही करा आणि निघा, बंदोबस्त आहे. म्हणून त्याच्या गाडीचा नंबर वहीतच लिहून ठेवला."

मी हजेरीची वही मागवली. सहीशेजारी, शेऱ्याच्या रकान्यात, गाडीचा नंबर स्वच्छ अक्षरात लिहिलेला होता. आमच्याच टेबलावर तो दिवसभर पडून होता! त्या नंबरावरून दुसऱ्या दिवशी खराडीतल्या भाड्याच्या खोलीतून साथीदार हाती लागला.

वही चाळताना त्याच्या नावापुढे हजेरीची मुदतच दिसली नाही, म्हणून मी मूळ आदेश काढून पाहिला. हजेरीची मुदत तीन वर्षांपूर्वीच संपली होती! ठाण्यात वही भरली की नावे नव्या वहीत उतरवतात, मुदत कुणी उतरवत नाही. मी ओशाळलो. त्याला खुर्ची दिली.

"अहो, मुदत संपल्याचं तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"वकिलांनी सांगितलं होतं."

"मग का येत राहिलात?"

"पोलिसांत सही करणाऱ्याकडे ती माणसं सहसा फिरकत नाहीत, साहेब. आणि खरं सांगू? सुरुवातीला माझाच माझ्यावर भरवसा नव्हता. सोमवार जवळ असला की मन ताळ्यावर राहायचं."

एवढ्या नोकरीत स्वतःवर असा पहारा ठेवणारा माणूस मी पाहिला नव्हता.

पण आमच्या गाडीने व्हायचे ते नुकसान केलेच होते. सोसायटीने तक्रार केली आणि ठेकेदाराने त्याला कामावरून काढले. घर त्याच एका कमाईवर चालत होते. मी साध्या कपड्यांत ठेकेदाराकडे गेलो. "माणूस निर्दोष आहे, मी सांगतो," असे म्हणालो.

"त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे हो," ठेकेदार शांतपणे म्हणाला आणि कोरा कागद त्याने माझ्यापुढे सरकवला. "तुमची गाडी पुन्हा येणार नाही, एवढं फक्त लिहून द्या."

पुन्हा जुन्या वाटेला जाणार नाहीस ना, असे मी हजेरीला आलेल्या त्या माणसाला कितीदा विचारले असेल, आणि त्याने दर वेळी ठामपणे 'नाही' म्हटले होते. माझ्या खिशात पेन होते. मला लिहून देता आले नाही.