पॅरीबाईंचे पाय गरम लागले

मेरेरिडच्या गावात माणसाला आडनावानं हाक मारून उपयोग नसतो. निम्मं गाव जोन्स आणि उरलेलं बहुतेक विल्यम्स. त्यामुळे ज्याचं जे काम, तेच त्याचं नाव. टपाल वाटणं सोडून कितीतरी वर्षं झाली तरी एडनव्हेड हा एडनव्हेड-पोस्टच. आजोबांचं कोळशाचं दुकान कधीच बंद पडलं, तरी सियान ही सियान-कोळसा. आणि मेरेरिड म्हणजे मेरेरिड-पाय.

तिला या नावाचं कधी वाईट वाटलं नाही. म्हाताऱ्या माणसांची नखं कापायची, कुरुपं काढायची, टाचा घासायच्या, मधुमेहवाल्यांच्या बोटांच्या बेचक्यात कुठं जखम तर नाही ना ते बघायचं, हेच तर ती करत आली. वाकता न येणाऱ्या माणसाला स्वतःचे पाय परके होतात, आणि तेवढे परके पाय मेरेरिडच्या ओळखीचे. चेहरा एखादे वेळी विसरेल, पाय नाही. दगडाच्या खाणीत उमेदीची वर्षं घालवलेल्यांची चेपलेली बोटं, नाचणाऱ्या बायकांचे हाडं वर आलेले अंगठे, आणि पॅरीबाईंचे बर्फासारखे पाय.

पॅरीबाईंचे पाय भर जूनमध्येसुद्धा गार. हातात धरले की खाणीतला पाटीचा दगड धरल्यासारखं वाटायचं. "रक्त वरच राहतं माझं," त्या म्हणायच्या, "खाली उतरायला त्याला वेळच मिळत नाही." खरंच मिळत नसेल. गावच्या चॅपलच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराच्या, मागच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे असायची. आधी त्यांचे वडील चॅपलची देखभाल करत, तेव्हापासून ती किल्ली त्यांच्या घरातल्या खिळ्याला. महिन्यातून एकदा मेरेरिड त्या खोलीत खुर्ची मांडायची, पण त्याआधी कुलूप काढणं, हीटर लावणं, कप मांडणं आणि चहात भिजवलेल्या मनुकांचा केक कापून ठेवणं हा पॅरीबाईंचा मान होता. स्वतःचे पाय त्या सगळ्यांत शेवटी दाखवायच्या. घरच्या बाईनं शेवटी जेवावं तसं.

मागच्या शरदात मेरेरिडच्या घरात मोठी उलथापालथ झाली. नवरा ग्विलिम, त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती, त्याला त्याच्या बहिणीनं, लोइसनं, आपलं एक दिलं. ऑपरेशन चांगलं झालं. पण परक्या अवयवाला शरीरानं हाकलून देऊ नये म्हणून त्याला अशी औषधं दिली होती की शरीराचे सगळे पहारेकरी झोपून जावेत. चोर आला तरी उठणार नाहीत. "साधा फ्लू जरी झाला," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाली होती, "तरी त्यांच्या बाबतीत तो साधा राहणार नाही."

ते 'साधा राहणार नाही' मेरेरिडच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. कामावरून आली की ती आधी मागच्या शेडमध्ये जायची, कपडे बदलायची, कोपरापर्यंत हात धुवायची आणि मग घरात.

"मला त्या काचेच्या कपाटात का ठेवत नाहीस?" ग्विलिम म्हणायचा. "आईच्या चांगल्या बशांच्या रांगेत. नाताळला तेवढं बाहेर काढ."

"बशा तुझ्याइतकं बोलत नाहीत," ती म्हणायची.

काम सोडावं असं तिच्या मनात आलं होतं. पण त्या दरीत वरपर्यंत दुसरं कोणी येत नव्हतं, आणि नख मांसात घुसलेल्या माणसाला 'थांबा' म्हणणं तिला जमेना. मग तिनं मास्क लावायला सुरुवात केली आणि एक पाटी करून घेतली: 'ताप, खोकला, उलट्या असतील तर कृपया घरीच थांबा. तुमचा नंबर जाणार नाही.' ती पाटी पॅरीबाईंच्या ताब्यात दिली. दर महिन्याला कुलूप काढलं की पॅरीबाई आधी ती दाराला अडकवायच्या, सरळ आहे ना ते दोन पावलं मागे जाऊन बघायच्या, आणि मगच हीटर लावायच्या.

जानेवारीतल्या त्या दिवशी पाऊस आडवा येत होता. दरीत फ्लू फिरतोय हे दुकानात, बसमध्ये, सगळीकडे बोललं जात होतं. मेरेरिड गाडीतून खुर्ची काढून आत आली तेव्हा पाटी दाराला होती, हीटर तापला होता, आणि भिंतीच्या कडेनं माणसं कोट मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मास्क चढवला.

"काय, बरी आहात ना सगळी?"

"तक्रार नाही," एडनव्हेड-पोस्ट म्हणाला.

"तक्रार नाही," सियान-कोळसाही म्हणाली.

या प्रश्नाला त्या गावात हेच उत्तर. पाय मोडून स्ट्रेचरवर घातलेला माणूससुद्धा आधी हेच म्हणेल. मेरेरिडला हे माहीत होतं. तरी तिनं विचारलं आणि तरी तिला बरं वाटलं.

पडद्याआडच्या छोट्या खोलीत एकेक जण येऊन गेला. बाहेर एडनव्हेडच्या मोज्यांवरून वाद चालला होता.

"एक निळा, एक काळा," सियान म्हणत होती. "बायको गेल्यापासून हा असाच."

"तुझ्यासाठी घातलेत. तुला दोन्ही रंग आवडतात ना."

"मला धुतलेले मोजे आवडतात."

मेरेरिड आत हसली. पण एक गोष्ट तिला बारीक खड्यासारखी टोचत होती. पॅरीबाई कप विसळताना नेहमी गुणगुणायच्या, चॅपलमधली जुनी भजनं, अर्धी ओळ इथं, अर्धी तिथं. आज नुसतं नळाचं पाणी ऐकू येत होतं. दमल्या असतील, तिला वाटलं.

मग चहा आला. पॅरीबाई स्वतः घेऊन आल्या, गळ्याला लोकरीची शाल घट्ट गुंडाळलेली, तोंडात पेपरमिंट. त्या मेरेरिडच्या खुर्चीवर वाकून तिच्या कानाशी ग्विलिमची चौकशी करू लागल्या. पॅरीबाईंचा चहा नाही म्हणायची त्या खोलीत पद्धत नव्हती. मेरेरिडनं मास्क हनुवटीखाली ओढला, चहा प्याली, केक खाल्ला, आणि ग्विलिम आता जिने चढतो, परवा तर कोबी चिरला, असं सांगत राहिली. पॅरीबाईंचे डोळे चकाकत होते. कौतुकानं चकाकतायत असं तिला वाटलं.

शेवटी पॅरीबाईंचा नंबर लागला. त्या बसल्या, मोजे उतरवले, आणि मेरेरिडनं सवयीनं डावा पाय मांडीवर घेतला.

पाय गरम होता.

तिचे हात तिथंच थांबले. पातळ हातमोज्यातून ती ऊब तिच्या तळव्यात उतरत होती, नुकत्याच भट्टीतून काढलेल्या पावासारखी. तिनं उजवा पाय धरला. तोही तसाच. एवढ्या वर्षांत हे पाय तिनं कधी गरम धरले नव्हते. हनुवटीखाली लोंबणारा मास्क तिला तेव्हा जाणवला.

"पॅरीबाई, तुम्हाला ताप आहे."

"छे. हीटरजवळ होते."

"पॅरीबाई."

त्या मग शालीचं टोक चाचपत म्हणाल्या, "काल संध्याकाळपासून थोडी कणकण आहे. सकाळी दोन गोळ्या घेतल्या. खोकला येतो तो पेपरमिंटनं बसतो."

"पाटी तुम्हीच लावलीत ना? स्वतःच्या हातानं?"

"ती पेशंटांसाठी आहे," पॅरीबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, खरंखुरं आश्चर्य होतं. "मी आले नसते तर दार कोणी उघडलं असतं? ही सगळी पावसात उभी राहिली असती."

मेरेरिडला ओरडावंसं वाटत होतं. चहाची चव अजून जिभेवर होती. तिच्या डोळ्यांसमोर ग्विलिमचं पोट आलं, त्यावरची ती लांब गुलाबी शिवण, आणि तिच्याखाली लोइसचं मूत्रपिंड, झोपलेल्या पहाऱ्यात एकटंच काम करणारं.

"किल्ली कोणाकडे तरी पाठवायची होतीत."

"ही किल्ली आमच्या घराबाहेर गेलेली नाही, पोरी." मग एकदम त्यांचा आवाज बारीक झाला. "बाहेर सांगू नकोस. माझा केक खाल्लाय सगळ्यांनी."

"म्हणूनच सांगायला हवं. एडनव्हेडची छाती कशी आहे ते तुम्हाला माहितीय. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

पॅरीबाई उठल्या. एक मोजा घातला, दुसरा हातातच राहिला. तशाच त्या पडद्यापाशी गेल्या आणि शाल तोंडावर धरून उभ्या राहिल्या.

"मला ताप आहे," त्या म्हणाल्या. "कालपासून."

कोणीतरी हातातला कप बशीत ठेवला, अगदी हळू.

"केक कधी केलात?" एडनव्हेडनं विचारलं.

"काल रात्री."

"मी दोन तुकडे खाल्ले."

"तीन," सियान म्हणाली. पण तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती, आणि ती त्याच्या छातीकडे बघत होती.

कोणी रागावलं नाही. मेरेरिडला वाटलं, कोणीतरी रागवायला हवं होतं, निदान मोकळं तरी झालं असतं. माणसं उठली, कोट चढवले, आणि दाराबाहेर पडताना प्रत्येकानं, लांबून, भिंतीला धरून, "चहाबद्दल आभार हं, पॅरीबाई" म्हटलं. पाटी वाऱ्यानं दाराला आपटत होती.

मेरेरिड गाडीत बसली, पण किल्ली फिरवेना. तिनं घरी फोन लावला.

"मी घरात येणार नाही," ती म्हणाली, आणि मग सगळं सांगितलं, मास्क खाली ओढल्याचंसुद्धा.

मग ग्विलिम म्हणाला, "शेडमध्ये झोपणार आहेस? कुदळीशेजारी?"

"कॅरव्हॅनमध्ये." परसात त्यांची जुनी कॅरव्हॅन होती, गाडीमागे जोडायची चाकांवरची खोली, उन्हाळ्यात समुद्रावर न्यायची. "माझ्या उश्या खिडकीतून टाक. दार उघडू नकोस. आणि सकाळी मी तुझ्या गालाचा पापा घेतलाय, त्याचं..."

"तो सकाळचा होता, मेरेरिड. चहाच्या आधीचा."

"हो," ती म्हणाली. "आधीचा." आणि ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा स्वतःला सांगत ती घाट उतरली.

कॅरव्हॅनमध्ये ओल होती. ती उघड्या डोळ्यांनी पडून राहायची आणि घराची खिडकी बघायची. ग्विलिमचा दिवा लागला की जीव खाली पडायचा. तो खोकला की, त्यानं नुसता घसा साफ केला तरी, पुन्हा टांगणीला. सकाळी उठल्याबरोबर ती पहिल्यांदा स्वतःचे पाय धरायची. तिचेही पाय जन्मजात गार, ग्विलिम अंथरुणात त्यावरून लग्नापासून बोंब मारत आलेला. गार लागले की ती खिडकीतून अंगठा दाखवायची. तोही दाखवायचा.

मग एका सकाळी तिनं पाय धरले आणि ते गरम लागले.

तिनं घाबरून दुसरा धरला. पाठीच्या कण्यातून थंडी चढत होती आणि पाय मात्र तापलेले, पॅरीबाईंचेच जणू कोणी तिच्या अंगाला लावलेत. तिला रडू आलं. भीतीनं आलं, आणि ते पाय या थंडगार डब्यात आहेत, त्याच्या अंथरुणात नाहीत, म्हणूनही आलं. ग्विलिम खिडकीत अंगठा वर करून वाट बघत होता. तिनं मान हलवली. त्याचा अंगठा हळूहळू खाली गेला.

थोड्या वेळानं तो थर्मास घेऊन कॅरव्हॅनच्या पायरीशी आला.

"ठेव आणि मागे हो," ती आतून घोगऱ्या आवाजात म्हणाली. "अजून. गुलाबापर्यंत."

"गुलाबापर्यंत गेलो तर ऐकू येत नाही."

"तू कुठं ऐकण्यासारखं बोलतोस?"

तो गुलाबापाशी पावसात उभा राहिला आणि ओरडून बातम्या सांगू लागला. एडनव्हेडला हॉस्पिटलात नेलंय, नाकाला प्राणवायू लावलाय, सियान रोज जाते आणि धुतलेले मोजे नेते. पॅरीबाई घरीच अंथरुणावर आहेत. कोणाशी बोलत नाहीत. फक्त शेजारणीला सांगितलं की खिळ्यावरची किल्ली घेऊन जा आणि तशा आणखी तीन करून आण.

मेरेरिडनं डोळे मिटले. त्या घराच्या भिंतीवर आता नुसता खिळा असेल, आणि त्याखाली किल्लीच्या आकाराचा फिकट डाग.

एडनव्हेड वाचला. वाळून काटकीसारखा झाला आणि जिना चढणं त्याला कायमचं बंद झालं. पॅरीबाईही उठल्या. पुढच्या खेपेला दार सियाननं उघडलं, पाटी आता फाटकालाच लावली होती, आणि पॅरीबाई भिंतीच्या कडेला बाकीच्यांसारख्या कोट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. केक नव्हता. मेरेरिडनं त्यांचे पाय धरले. "गार आहेत," ती म्हणाली. "बरं," पॅरीबाई म्हणाल्या, आणि मान वर केली नाही.

ग्विलिमला काही झालं नाही. ताप उतरून खोकला पूर्ण जाईपर्यंत मेरेरिड बाहेरच राहिली, आणि त्याचे रक्ताचे रिपोर्ट चांगले आल्यावरच उंबरा ओलांडून आत आली. लोक म्हणाले, सुटलात. तीही हो म्हणते. तक्रार नाही.

पण सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी तिचा पाय पांघरुणाखालून सरकत सरकत त्याच्या पायाला जाऊन लागतो, आणि तिथंच थांबतो.

"कसे आहेत?" ग्विलिम झोपेतच विचारतो.

"गार."

"मग झोप."

ती पडून राहते. पाय मात्र मागे घेत नाही.