सिस्टरबाईंची उभी व्हॅन

सिस्टरबाई कुणाच्याही गाडीत बसण्याआधी विम्याची तारीख विचारत. वरातीची गाडी असो की दवाखान्याची घाई, तारीख कळल्याशिवाय त्या पाय वर घेत नसत. मोहगावात मी नवा होतो तेव्हा एकदा त्यांना म्हणालो, स्कूटरवर सौसरपर्यंत सोडतो. त्यांनी विचारलं, "विमा कधीलोक हाये?" मी शाळेत गणित शिकवतो, तारखा माझ्या डोक्यात राहतात. "अकरा नोव्हेंबर, रात्री बारापर्यंत," मी सांगितलं. "मंग तुमचं-माहं जमन, मास्तर," म्हणत त्या मागे बसल्या.

नाव सुलोचना. आरोग्य केंद्रात जन्मभर नर्स होत्या, म्हणून सिस्टरबाई. नवऱ्याने व्हॅन घेतली आणि त्याच वर्षी तो गेला. बाईंनी बावन्नाव्या वर्षी, कापसाची पऱ्हाटी उपटून मोकळ्या झालेल्या वावरात गाडी शिकून घेतली. त्या व्हॅनमधून त्या शेजारच्या देवरावजींना दर बुधवारी आणि शनिवारी नागपूरला डायलिसिसला नेत. देवरावजींची किडनी गेलेली, पण जीभ शाबूत होती. बाईंचं हॉर्न वाजवणं ऐकून ते म्हणत, "डॉक्टरच्या आंधी हेच मारते मले."

आणि अशा या बाईंच्याच व्हॅनचा विमा संपला. मुलीच्या बाळंतपणासाठी त्या सव्वा महिना अमरावतीला होत्या; तेवढे दिवस देवरावजी नागपुरात एका नातेवाइकाकडे राहिले. परत आल्या, कागद काढले, तर मुदत संपून नऊ दिवस झालेले. त्यांनी कुणाला काही न सांगता चाकांपुढे दगड लावले. भाड्याची गाडी परवडणारी नव्हती, म्हणून देवरावजी बसस्टँडच्या बाकांवर ताटकळत, बस बदलत जाऊ लागले. दोन खेपा कशाबशा झाल्या. तिसऱ्या खेपेला, बुधवारी, चेहरा सुजलेला, पाय जड; ते गेलेच नाहीत. शनिवारची खेप चुकली तर काय होईल हे बाईंना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

त्यात व्हॅनला महिनाअखेर पंधरा वर्षं पूर्ण होत होती. पुढची नोंदणी हवी तर गाडी आरटीओच्या तपासणीला न्यायची. तपासणीचा कॅम्प शुक्रवारी पांढुर्ण्यात होता, त्यानंतरचा थेट पुढच्या महिन्यात. तपासणीला विमा पाहिजे. एजंट म्हणाला, विमा देतो, पण आधी धुराची तपासणी करून पीयूसी आणा. आणि पीयूसीचं मशीन गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर, दीड किलोमीटर लांब.

देवरावजींचा मुलगा विलास म्हणाला, "मावशी, दीड किलोमीटरसाठी काहून अडून राहिल्या? जामसांवलीच्या हनुमानजीचं नाव घेतो अन् मी नेतो गाडी."

"हनुमानजी हवेतून गेले, बाप्पा," बाई म्हणाल्या. "त्याईले विमा कायले लागते? तू त रस्त्यानं जाशीन."

"पन कोन पाह्यते?"

"कोनी नाई पाह्यत. पन समोरून येनारा त येतेच न?" मग त्यांनी सांगितलं, "बोरगावच्या रस्त्यावर एका जीपनं संत्रा तोडाले जानाऱ्या बाईले उडवलं होतं. मीच पट्टी बांधली. जीपवाला म्हने, मी जवळच जाऊन राहिलो होतो. विमा नव्हता. तिचे पोरं अजून कोर्टात खेटे घालून राहिले. हा कायदा पोलिसासाठी नाई, विलास. ज्याले ठोकर लागते त्याच्यासाठी हाये."

मी नियम वाचून पाहिले. तपासणीला न्यायची म्हणून विम्यातून सूट असं कलम मला कुठे सापडलं नाही. बैलजोडीने ओढत न्यावी असंही सुचवून झालं. ओढली तरी रस्त्यावर ती गाडीच, असं माझंच मत पडलं. बाईंनी ते लगेच मानलं. विलास माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

गुरुवारी सकाळी बाई मला घेऊन पायीच पंपावर गेल्या. तिथे गणपतचं पीयूसीचं मशीन एका जुन्या व्हॅनमध्येच ठेवलेलं असतं. ती व्हॅन पंपावरच्या कडुनिंबाखाली इतकी वर्षं उभी होती, की गावाला ती खोलीच वाटायची. बाईंनी तिच्या टायरवर चप्पल आपटली.

"गणपतभाऊ, ह्याईत हवा हाये?"

"हाये न."

"मंग तू माह्या अंगनात ये. मी तुह्याकडे येऊ शकत नाई, तू त माह्याकडे येऊ शकते."

गणपतने तोंडातला तंबाखूचा खर्रा बाजूला सारला. असं त्याला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. त्याने हसत चावी काढली. बाईंनी हात पुढे केला. "विमा दाखव."

गणपतचा विमा संपून चौदा महिने झाले होते. पीयूसीही संपलेली. "मी कुठी जातो, बाई? उभीच असते थे," तो म्हणाला. जन्मभर दुसऱ्यांच्या धुराचे दाखले देणाऱ्याकडे स्वतःचा नव्हता. दोन व्हॅन, दीड किलोमीटरच्या दोन टोकांना, सारख्याच अडकलेल्या. मी हताश होऊन ओट्यावर बसलो.

बाई मात्र हसू लागल्या. "अबे, तुले जाचं कुठी हाये? मशीन तुह्या गाडीच्याच पोटात हाये. लाव नळी."

गणपतने स्वतःच्या व्हॅनची तपासणी केली. ती पास झाली. एजंटने अर्ध्या तासात मोबाइलवर विमा पाठवला. मग ती व्हॅन झाडाच्या मुळ्यांतून निघाली आणि धुरळा उडवत बाईंच्या अंगणात आली, मागे अर्धं मोहगाव. दुपारी दोनपर्यंत बाईंची पीयूसी, चारपर्यंत विमा. शुक्रवारी पांढुर्ण्यात गाडी तपासणीत पास झाली, फक्त हॉर्नचा आवाज जास्त आहे असं साहेब म्हणाले. शनिवारी सकाळी सहाला देवरावजी व्हॅनमध्ये होते.

त्यानंतर तीन वर्षं एकही खेप चुकली नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला तेव्हा बाईंनी विलासच्या बायकोला त्याच वावरात गाडी शिकवली आणि आपण शेजारच्या सीटवर बसून तिला सूचना देऊ लागल्या.

गेल्या पोळ्याच्या सुमारास, एका शुक्रवारी दुपारी सिस्टरबाई झोपेतच गेल्या. देवरावजी अंगणात खुर्चीवर बसून होते. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाले, "नंबर माहा होता, मास्तर. बाईनं राँग साइडनं ओव्हरटेक केलं. जिंदगीतला पह्यला गुन्हा."

उद्या नागपूरला जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. सुनेने ऐकलं नाही. शनिवारी सहाला तिने व्हॅन दारात लावली, आणि ते मुकाट्याने जाऊन बसले.