वैजयंतीची पाटी

बोरी बुद्रुकच्या वैजयंतीशी वाद घालायचा असेल तर माणसानं आधी पोटभर जेवून यावं. बाई आवाज चढवत नाही, पण जागची हलतही नाही. हायवेला तिच्या स्टॉलशेजारीच माझा पेरूचा गाडा आहे, म्हणून मला चांगलं ठाऊक.

स्वतःच्या बागेतली द्राक्षं ती स्वतः विकते. व्यापारी म्हणेल त्या भावानं माल द्यायचा नाही, हे तिनं संसाराच्या सुरुवातीलाच ठरवलं आणि स्टॉलवर घर चालवून दाखवलं. यंदा मात्र समोर दुसरा स्टॉल लागला. त्यावर ठळक 'ऑरगॅनिक'. गाड्या तिकडं वळू लागल्या. वैजयंतीच्या पाटीवर 'रेसिड्यू फ्री' होतं, ते कुणाला कळेना. शेवटी तिचा नवरा, संपत, मंचरहून नवी पाटी रंगवून घेऊन आला, 'ऑरगॅनिक द्राक्षं'. दुपारपर्यंत निम्मे क्रेट रिकामे झाले.

वैजयंती बागेतून आली, पाटी वाचली आणि उतरवून उलटी टेकवून ठेवली. संपतचं म्हणणं, दोन्ही शब्द इंग्रजी, दोन्हींचा अर्थ बिनविषारी, गिऱ्हाइकाला काय फरक पडतो? मलाही तसंच वाटत होतं. मी आपला पेरू पुसत राहिलो.

"ऑरगॅनिक म्हंजे रासायनिक औषध मारलंच न्हाई," ती म्हणाली. "आपण मारलंय. काढणीच्या लई आधी थांबवलं, म्हणून मण्यात उरलं नाय, त्येच रेसिड्यू फ्री. डावणी रोग आला तवा पाठीवर पंप घेऊन बाग कुणी वाचवली? तुमीच ना? मग ते पुसताय कशाला?"

संपतनं जुनी पाटी परत चढवली. रोज गिऱ्हाईक विचारायचं, ऑरगॅनिक का? ती नाही म्हणायची, समजावून सांगायची, आणि बरेचजण समोर जायचे. असंच चाललं तर स्टॉल बंद पडेल आणि माल शेवटी व्यापाऱ्याकडेच जाईल, हे तिला कळत होतं. मला तर तिचा रागच यायचा.

एकदा ती पाणी आणायला गेली आणि संपत एकटाच स्टॉलवर असताना पुण्याची गाडी थांबली. काच खाली झाली आणि तोच प्रश्न आला. आता हा हो म्हणणार, मी मनाशी म्हटलं.

"नाय," संपत म्हणाला. "औषध मारलंय. मीच मारलंय."

मग काढणीआधी फवारणी कशी थांबवली ते तो सांगू लागला, पण ते अर्धवट ऐकूनच गाडी निघून गेली. मागून दुसरी आली. तिची काच खाली यायच्या आतच त्यानं सांगायला सुरुवात केली.